‘शाळेजवळ वाहने हळू चालवा’: म्हणजे नेमकी किती हळू?

शाळा उघडायचा आठवडा आला, की स्थानिक बातम्यांमध्ये एक ठरलेली चौकट झळकते. ‘शाळा सुरू होत आहेत. वाहनचालकांनी वेग कमी ठेवावा. पालकांनी मुलांना रस्ता ओलांडण्याचे नियम समजावून सांगावेत.’ सोबत झेब्रा क्रॉसिंगवरून हात धरून चाललेल्या मुलांचं चित्र, बहुधा गेल्या वर्षीचंच. आपण चौकट वाचतो, मान डोलावतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो.

मला त्यातला ‘कमी’ हा शब्द खटकतो. कमी म्हणजे किती? कुठल्याही चालकाला विचारा, तो म्हणेल, मी हळूच चालवतो. आणि ज्या मुलांना नियम समजावून सांगायचे, त्यांची नजर आणि मेंदू त्या वयात ते नियम पाळू शकतात का, हेही कोणी विचारत नाही. या दोन प्रश्नांच्या मागे गेलं की कळतं, की त्या चौकटीतलं पहिलं वाक्य फार मोघम आहे आणि दुसऱ्या वाक्यानं मुलांवर न पेलणारं ओझं टाकलंय.

विषय किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्ते अपघातांत मरतात. ५ ते २९ वर्षं या वयोगटात तर मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण हेच आहे. कुठलाही आजार त्याच्या पुढे नाही.

ब्रेक दाबण्याआधी काय होतं

समोर मूल आलं आणि आपण गाडी थांबवली, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्यात दोन वेगळ्या गोष्टी घडतात. आधी डोळ्यांना मूल दिसतं, मेंदूला ते कळतं आणि पाय ब्रेककडे जातो. सावध माणसालाही याला साधारण एक सेकंद लागतो, बेसावध असेल तर दीड किंवा त्याहून जास्त. या वेळात गाडी आहे त्याच वेगानं धावत असते. त्यानंतर ब्रेक लागतात आणि वेग उतरू लागतो. ही दोन्ही अंतरं मिळून होतं ते ‘थांबण्याचं अंतर’. या लेखात तांत्रिक म्हणावा असा हा एक शब्द, आणि पुढे डोळ्यांबद्दलचा आणखी एक. बाकी सगळं साधं आहे.

पहिला भाग सरळ हिशोबाचा आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. ताशी ३० म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटरच्या आसपास. दुसरा भाग मात्र फसवा. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतर कापलं जाणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं, कारण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पळता पळता थांबायचं असेल तर अंगात आलेला जोर आधी कुठेतरी जिरवावा लागतो, आणि भरधाव पळणाऱ्याला तो जिरवायला कितीतरी जास्त जागा लागते. गाडीचंही तसंच.

चौदा मीटरवर मूल

आता एक प्रसंग कागदावर मांडू. कोरडा रस्ता, चांगले टायर, चांगले ब्रेक, सावध चालक. गाडीपुढे बरोबर १४ मीटरवर एक मूल रस्त्यात उतरतं.

गाडी ताशी ३० नं चालली असेल तर पहिल्या सेकंदात ती आठ मीटरच्या थोडी पुढे जाते. ब्रेक लागल्यावर आणखी पाच मीटर. मुलाच्या अलीकडे, हातभर अंतर राखून ती थांबते. चालकाच्या छातीत धडधड, मुलाला दरडावणी, आणि प्रसंग संपला. संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षातही राहणार नाही.

गाडी ताशी ४० नं चालली असेल तर पहिल्या सेकंदातच अकरा मीटर गेले. ब्रेकसाठी उरले जेमतेम तीन. तेवढ्यात वेग थोडासा उतरतो आणि गाडी मुलाला ताशी सुमारे ३३ च्या वेगानं धडकते.

गाडी ताशी ५० नं चालली असेल तर? पहिल्या सेकंदात चौदा मीटर. म्हणजे चालकाचा पाय ब्रेकवर टेकतो तेव्हा गाडी मुलापर्यंत पोचलेली असते. धडक पूर्ण ताशी ५० च्या वेगानं बसते. इथे ब्रेक चांगले होते की वाईट, याला काही अर्थच उरत नाही. ते लागलेच नाहीत.

मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा कुठेतरी चूक झाली असेल म्हणून पुन्हा केला. तीसनं जाणारी गाडी जिथे सुखरूप थांबली, तिथेच पन्नासनं जाणारी गाडी अजून थांबायला लागलेलीही नाही. स्पीडोमीटरवर काटा फक्त वीस घरं पुढे. आणि हे सगळं कोरड्या रस्त्यावर. ओल्या रस्त्यावर टायरची पकड निम्म्यावर येऊ शकते. मग ताशी ३० नं जाणाऱ्या गाडीलाही थांबायला अठरा मीटर लागतात आणि हातभराचं अंतर नाहीसं होतं. चालकाची नजर दोन सेकंद मोबाइलवर असेल तर? ताशी ५० च्या वेगात गाडी २८ मीटर आंधळी धावली, असा त्याचा अर्थ.

धडकेचा जोर किती, हे कसं समजायचं

ताशी ५० म्हटलं की डोळ्यांपुढे काही येत नाही. रोज तेवढ्या वेगानं बसून जायची सवय झालेली असते. म्हणून वेगाचं उंचीत रूपांतर करून बघू.

ताशी ३० च्या वेगाची धडक म्हणजे साडेतीन मीटरवरून खाली पडणं, साधारण पहिल्या मजल्यावरून. ताशी ४० म्हणजे सव्वासहा मीटर, दुसरा मजला. ताशी ५० म्हणजे जवळजवळ दहा मीटर, तिसरा मजला. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला कठडा नसेल तर तिथे कोणी मुलाला खेळू देणार नाही. तेवढ्याच जोराची धडक शाळेच्या दारासमोरून दिवसभर ये-जा करत असते आणि तिथे मध्ये असतो एक पांढरा पट्टा.

तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. गाडीचं नाक गोलाकार असतं, पत्रा थोडा दबतो, मूल कुठे आणि कसं धडकलं यावर बरंच ठरतं. दिशा मात्र बरोबर आहे. गाडीच्या पुढच्या भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी ५० वरून ६५ वर जाताना साडेचार पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वेग वाढला तीस टक्के, धोका वाढला साडेतीनशे टक्के.

मुलाला गाडी दिसते, वेग दिसत नाही

आता दुसऱ्या बाजूला जाऊ, फूटपाथच्या कडेला उभ्या असलेल्या मुलाकडे.

आधी उंचीचं बघा. सहा वर्षांचं मूल साधारण ११५ सेंटिमीटरचं, डोळे त्याहून थोडे खाली. हल्लीच्या उंच गाड्यांचं बॉनेट मीटरभर किंवा त्याच्याही वर असतं. रस्त्याकडेला लावलेल्या दोन गाड्यांच्या मधून आपल्याला पलीकडचं वळण दिसतं, मुलाला दिसतो दरवाजा. पटत नसेल तर एकदा तिथे उकिडवं बसून बघा. लोक बघतील, बघू द्या. पालकांना व्याख्यान देण्यापेक्षा मी हेच करायला लावेन.

उंची वाढते, तो प्रश्न वयाबरोबर सुटतो. डोळ्यांचा प्रश्न जास्त खोल आहे. येणारी गाडी आपल्या डोळ्यांत हळूहळू मोठी होत जाते. या मोठं होण्यावरून मेंदू ठरवतो, की ती किती वेगानं येतेय. संशोधक याला ‘लूमिंग’ म्हणतात. आपण ‘फुगणं’ म्हणू. फुगा जसजसा फुगतो तशी गाडीची आकृती फुगते.

यातला घोटाळा असा. समजा, दोन गाड्या तुमच्यापासून बरोबर पाच सेकंदांवर आहेत. एक ताशी ३० नं येतेय, म्हणजे ती सुमारे ४२ मीटर दूर. दुसरी ताशी ६० नं येतेय, म्हणजे ८३ मीटर दूर. दोघी पोचणार एकाच वेळी. पण दुसरी गाडी लांब असल्यामुळे डोळ्याला निम्मीच दिसते आणि तिचं फुगणंही त्या क्षणी निम्म्या वेगानं होतं. म्हणजे जी गाडी जास्त जोरात येतेय, ती डोळ्यांना जास्त शांत वाटते. जणू उभीच आहे. शेवटच्या एक-दोन सेकंदांत ती एकदम अंगावर येते.

मोठ्या माणसांचा मेंदू अनुभवानं ही फसवणूक बऱ्याच अंशी ओळखतो. मुलांचा ओळखत नाही. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातले जॉन वॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांची हीच क्षमता तपासली. त्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की वाहनाचा वेग ताशी २० मैलांच्या, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरच्या पुढे गेला तर ते जवळ येतंय हेच मुलांना ओळखता न येण्याची शक्यता असते. क्षमता वयाबरोबर वाढते, एका वाढदिवसाला अचानक येत नाही.

थांबण्याच्या अंतराचा हिशोब ताशी ३० पाशी येऊन थांबला होता. मुलांच्या डोळ्यांचा हिशोबही तिथेच येऊन थांबतो. एक पदार्थविज्ञानाचा, दुसरा मेंदूचा, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शाळेजवळच्या पाटीवर ३० चा आकडा असतो तेव्हा तो कोणा अधिकाऱ्याच्या मनात आला म्हणून नसतो.

‘पण मुलांना नीट शिकवलं तर?’

शिकवावंच. पण शिकवण्याची मर्यादाही माहीत असावी. स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञ स्टिना सँडेल्स यांनी १९६० च्या दशकात मुलांचं रस्त्यावरचं वागणं तपशिलानं अभ्यासलं. लहान मुलांना केवळ प्रशिक्षण देऊन वाहतुकीसाठी तयार करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलाला नियम पाठ असतो. विचारलं तर ते ‘आधी उजवीकडे, मग डावीकडे’ असं धडाधडा म्हणूनही दाखवतं. पलीकडून मित्रानं हाक मारली की तोच नियम डोक्यातून निघून जातो. तो खोडकरपणा नसतो. एका गोष्टीवरून दुसरीकडे गेलेलं लक्ष परत आणणं, मनात आलेली ऊर्मी दाबणं, ही मेंदूची कामं पक्की व्हायला बरीच वर्षं लागतात. मेंदूचा तो भाग विशीतही घडत असतो.

कसं शिकवलं, यानं मात्र फरक पडतो. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरात १९९० च्या दशकात ‘कर्बक्राफ्ट’ नावाची पद्धत विकसित झाली. त्यात पाच ते सात वर्षांच्या मुलांना वर्गात बसवून चित्रं दाखवण्याऐवजी खऱ्या रस्त्याकडेला नेतात. नेणारे असतात प्रशिक्षण घेतलेले पालक. शिकवायच्या गोष्टी तीनच: ओलांडायला सुरक्षित जागा निवडणं, उभ्या गाड्यांच्या मधून ओलांडावंच लागलं तर कसं, आणि चौकाजवळ कसं. उत्तर मोठ्यांनी सांगायचं नाही, मुलाला शोधू द्यायचं. पोहणं काठावर उभं राहून शिकता येत नाही, तसंच हे.

म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधी घरातल्या उपदेशापेक्षा मुलाबरोबर शाळेची वाट दोन-तीनदा पायी चालणं जास्त उपयोगाचं. जाताना आणि येतानाही. अनेक देशांच्या नोंदींत पायी चालणाऱ्या मुलांचे अपघात सकाळपेक्षा शाळा सुटल्यानंतर जास्त दिसतात. सकाळी हात धरायला कोणीतरी असतं. सुटल्यावर असतात मित्र.

आणि मोठ्या शाळेत जाणाऱ्यांकडे दुर्लक्ष नको. ब्रिटनमध्ये पायी चालणाऱ्या मुलांच्या अपघातांचं प्रमाण अकराव्या-बाराव्या वर्षाच्या आसपास उसळतं. शाळा बदलते, वाट नवी असते आणि मूल पहिल्यांदाच एकटं निघतं. ‘आता मोठा झाला’ हे वाक्य आपण नेमकं तेव्हाच म्हणतो.

‘माझी गाडी नवी आहे, ब्रेक चोख आहेत’

असतील. पण चौदा मीटरच्या प्रसंगात गडबड ब्रेकच्या आधीच्या सेकंदात झाली होती, आणि गाडी नवी घेतली म्हणून माणसाची प्रतिक्रिया नवी होत नाही. ब्रेकमधल्या ‘एबीएस’ यंत्रणेचं मुख्य काम चाकं लॉक न होऊ देणं, म्हणजे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा या सेकंदातला काही भाग वाचवते, पण उभ्या गाडीआडून निघालेलं मूल तिलाही आपल्याइतकंच उशिरा दिसतं.

‘इतक्या हळू गेलो तर पोचणार कधी?’

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि आकड्यांपुढे सगळ्यात लवकर ढासळतो. शाळेभोवतीचा ३०० मीटरचा पट्टा ताशी ५० नं पार करायला साधारण २२ सेकंद लागतात, ताशी ३० नं ३६. फरक चौदा सेकंदांचा. पुढच्या सिग्नलला यापेक्षा जास्त वेळ जातो.

तरीही लोक चिडतात, हे खरं. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांची मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर आणली गेली, तेव्हा विरोधाच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या. त्या रागात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. रुंद, सरळ, मोकळा रस्ता पाय ॲक्सिलरेटरवर ओढतोच. नुसती पाटी लावून रस्त्याचा आकार तसाच ठेवला तर नियम पाळणाऱ्याला मूर्ख ठरल्यासारखं वाटतं. रस्ता अरुंद दिसला पाहिजे, झेब्रा क्रॉसिंग उंचावर हवं, कोपऱ्यावर गाड्या लावायला जागाच नको. मग पाय आपोआप उचलला जातो.

‘त्यापेक्षा मीच गाडीनं सोडतो’

एकट्या पालकाच्या दृष्टीनं हे अगदी शहाणपणाचं आहे. पण कार्यक्रमात पुढच्या रांगेतला एक जण नीट दिसावं म्हणून उभा राहिला की काय होतं? मागचा उभा राहतो, त्याच्या मागचा उभा राहतो, आणि शेवटी सगळे उभे राहून तेवढंच बघतात, पाय मात्र दुखतात. शाळेच्या फाटकाशीही तेच होतं. आपलं मूल वाहनांपासून वाचावं म्हणून जो तो वाहन घेऊन येतो. दुहेरी रांगा लागतात, कोणी उलट वळतो, कोणी झेब्रावरच दार उघडतो, आणि पायी येणारं मूल या सगळ्याच्या मधून वाट काढतं.

गाडीनं सोडायचंच असेल तर फाटकापासून दोन-तीनशे मीटर अलीकडे, फूटपाथच्या बाजूनं उतरवावं. शेवटचा टप्पा पायी. काही शहरांनी तर शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी फाटकासमोरचा रस्ता वाहनांना बंदच केला. इटलीतलं बोल्झानो त्यांत आघाडीवर होतं.

शाळेच्या बसबद्दल थोडंसंच. बसच्या आत मूल बऱ्यापैकी सुरक्षित असतं, धोका चढता-उतरतानाचा. चालकाला बसच्या अगदी पुढचं, मागचं आणि खेटून असलेलं मूल दिसत नाही. म्हणून उतरल्यावर बसपासून पाच मोठी पावलं दूर जायचं आणि चालकाशी नजरानजर झाल्याशिवाय पुढून जायचं नाही. बसखाली काही पडलं तर ते पडूच द्यायचं, आणि घरी त्यावरून बोलणी बसणार नाहीत हे मुलाला आधीच सांगून ठेवायचं. वस्तू उचलायला वाकणारं मूल घरच्या रागाला भिऊनही वाकलेलं असू शकतं.

हे जमलंय का कुठे?

१९७१ मध्ये नेदरलंड्ससारख्या लहान देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. पालक रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असं होतं. आज तिथली मुलं सायकलवर एकटी शाळेत जाताना दिसतात, त्यामागे ती चिडलेली पिढी आहे. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरानं १९९२ मध्येच मुख्य रस्ते सोडून बाकी शहरभर ताशी ३० ची मर्यादा लावली. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला रस्ते सुरक्षेवर भरलेल्या, जगभरातल्या मंत्र्यांच्या परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे पादचारी आणि वाहनं एकाच रस्त्यावर मिसळतात तिथे ताशी ३० ही कमाल मर्यादा असावी, असं म्हटलंय. फिनलंडची राजधानी हेलसिंकीत निम्म्याहून जास्त रस्त्यांवर ती आहे, आणि जुलै २०२५ पर्यंतच्या सलग वर्षभरात त्या शहरात रस्ते अपघातात एकही माणूस गेला नाही. यात नुसत्या पाटीचं श्रेय नाही. रस्त्यांची रचना, कॅमेरे, चांगली सार्वजनिक वाहतूक, सगळं मिळून ते झालंय.

तुमच्या जवळच्या शाळेपाशी हे कुठवर आलंय, ते पाहायला कुठलाही अहवाल लागत नाही. शाळा सुटायच्या वेळी झेब्रा क्रॉसिंगच्या कडेला उभं राहा. वाहनं येतात त्या दिशेला फूटपाथवरून वीस पावलं मोजत चाला. मोठ्या माणसाची वीस पावलं म्हणजे साधारण चौदा मीटर. तिथे थांबून मागे वळा, मुलं उतरतात ती जागा बघा, आणि शेजारून जाणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी मनात एक सेकंद मोजा.